कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात लिबरल आर्ट्स घेताना

‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की आपल्याकडे दहावीनंतरची आर्ट्स साइड आठवते आणि गणित सुटलं असं वाटतं. इथे, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात, ते सुटत नाही. इथली असोसिएट पदवी ६० सेमिस्टर युनिटांची (युनिट म्हणजे क्रेडिट) असते आणि दोन वर्षांनी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूत (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ट्रान्सफर व्हायचं तर गणित आणि प्रयोगशाळेसह विज्ञान घ्यावंच लागतं. २०२५च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याचा साचा ‘कॅल-गेटसी’ आहे: ११ कोर्स, ३४ युनिट, प्रत्येकात किमान सी ग्रेड. डी मिळाला तर तो कोर्स या साच्यात धरत नाहीत.

खरी गफलत मात्र आधीच होते. आवडतील ते कोर्स घेऊन लिबरल आर्ट्सची पदवी पूर्ण करायची आणि मग पुढचं विद्यापीठ शोधायचं, हा क्रम उलटा आहे. यूसीला तुमच्या पदवीपेक्षा तिथल्या मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, पूर्वतयारी झाली आहे का, यात जास्त रस असतो. कॅल-गेटसीचं गणित स्टॅटिस्टिक्सने भागतं, पण पुढे अर्थशास्त्र घ्यायचं असेल तर बहुतेक यूसी कॅम्पस कॅल्क्युलस मागतात. हे तिसऱ्या सेमिस्टरला कळलं तर प्रीकॅल्क्युलसपासूनची साखळी आणखी एक वर्ष खाऊ शकते.

म्हणून पहिल्याच महिन्यात ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडून तिथल्या कोर्सची यादी उतरवून घ्या. दोन-तीन विद्यापीठांच्या याद्या शेजारी ठेवल्या की सगळीकडे चालणारे कोर्स दिसतात. ते आधी घ्या. सीएसयूकडे जायचं असेल तर साध्या एएपेक्षा (असोसिएट ऑफ आर्ट्स) ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ बघा, तिच्यावर सीएसयूत प्रवेशाची हमी असते. हव्या त्याच कॅम्पसची मात्र नव्हे. आणि ‘लिबरल स्टडीज’ वेगळं: सीएसयूत तो मुख्यतः प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा मेजर असतो.

ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबर केलेला एज्युकेशन प्लॅन टाळू नका. हे दोन्ही झाल्यावर नोंदणीची तारीख लवकर मिळते. उशिराची तारीख म्हणजे लॅबचे वर्ग भरलेले आणि तुम्ही वेटलिस्टवर. पहिल्या तासाला गैरहजर राहिलात तर शिक्षक नावही काढू शकतात.

३ युनिटांच्या कोर्सला तास आणि अभ्यास धरून आठवड्याला साधारण ९ तास जातात. १५ युनिट घेतले की ४५ तास झाले, त्यावर नोकरी. ८ आठवड्यांच्या कोर्सला तेवढंच काम निम्म्या वेळात करायचं असतं. इंग्लिश निबंधलेखन त्यात घेणं अंगाशी येतं. जमत नसेल तर सुरुवातीच्या मुदतीत कोर्स सोडा, ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. नंतर सोडला की ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे सोडल्याची खूण) येतो. एकच कोर्स कितीदा घेता येतो याला मर्यादा असते.

रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे १२ युनिटांचे ५५२. बाहेरच्यांना ती अनेक पट पडते. एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांच्या) व्हिसावर आलेल्या आपल्याकडच्या अनेकींना ठाऊक नसतं की राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून, लायसन्स आणि टॅक्स रिटर्नसारखे पुरावे दिले तर त्यांनाही रहिवासी दर मिळू शकतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना तो मिळत नाही. शिवाय त्यांना दर सेमिस्टरला १२ युनिट सक्तीचे आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो.

क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या) कॉलेजात पदवी ९० युनिटांची असते. तिथला ४ युनिटांचा कोर्स सेमिस्टरच्या हिशेबाने २.६७च भरतो. मधेच कॉलेज बदलणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

यूसीच्या सहा कॅम्पसना हमीप्रवेशाचा ‘टॅग’ आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, तोही सप्टेंबरात, म्हणजे ट्रान्सफरच्या जवळजवळ वर्षभर आधी. तेव्हा हाताशी पहिल्या वर्षाचेच ग्रेड असतात.