ब्लेडेड जिगने बास मासेमारी सुरू करायचीय? आधी हाताला थरथर ओळखायला शिकवा

बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठीचं ब्लेडेड जिग हे कृत्रिम आमिष पहिल्यांदा हातात घेतलं की ते जरा विचित्रच दिसतं, म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्यातून निघालेला एकच मोठा गळ, मागे रबरी झिरमिळ्यांचा स्कर्ट, आणि पुढे नाकाला टांगलेलं पत्र्याचं सहा कोनी पातं, लाईन त्या पात्याला लावलेल्या स्नॅपला, म्हणजे उघडता-मिटता येणाऱ्या छोट्या क्लिपला, बांधायची. मासा हे कशाला खाईल असं वाटतं. पण पाण्यात टाकून ओढायला लागलात की ते पातं जोरजोरात डावीकडे उजवीकडे फडफडतं, जिगच्या डोक्यावर आपटत राहतं आणि ती सगळी थरथर लाईनमधून रॉडमध्ये आणि रॉडमधून तुमच्या तळहातात येते. बास माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल कळते, त्यामुळे गढूळ पाण्यात दिसत नसलं तरी ही जिग त्याला सापडते. मी सुरुवातीला रंग कुठला, ट्रेलर म्हणजे मागे लावायचं मऊ आमिष कुठलं यातच फार अडकलो होतो, आणि खरा फरक पडला तो हाताकडे लक्ष द्यायला लागल्यावर. म्हणून या लेखात मी परत परत तिथेच येणार आहे.

थोडी माहिती या प्रकाराची. चॅटरबेट नावाने ही जिग पहिल्यांदा गाजली ती अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातून, रॉन डेव्हिस आणि त्यांच्या मुलाने ती बनवली, आणि २००६ च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या लेक ओकीचोबीवर ब्रायन थ्रिफ्ट या मासेमारने तिच्यावर मासेमारीची स्पर्धा जिंकली तेव्हा सगळे तिच्या मागे लागले. ओकीचोबी हे प्रचंड पसरलेलं पण उथळ आणि गवताने भरलेलं तळं आहे, आणि ही जिग कुठल्या पाण्यात सगळ्यात भारी चालते ते यातच आलं. चॅटरबेट हे आता झी-मॅन कंपनीचं ट्रेडमार्क नाव आहे, बाकी कंपन्यांच्या याच प्रकारच्या जिगला ब्लेडेड जिग म्हणतात, पण बोलताना लोक सगळ्यांनाच चॅटरबेट म्हणतात.

पहिली पायरी: जिग, रॉड, लाईन

वजन पाव औंसापासून पाऊण औंसापर्यंत आणि त्याच्याही पुढे मिळतं. सुरुवातीला दोनच घ्या, ३/८ औंस म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम, आणि अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम. दीड-दोन मीटरपर्यंत पाणी असेल तर ३/८, त्याहून खोल असेल किंवा वारा असेल तर अर्धा औंस, एवढं पुरतं. रंगही तीनच ठेवा: लहान मासे खाणाऱ्या बाससाठी पांढरा, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यासाठी हिरवट-तपकिरी म्हणजे ग्रीन पम्पकिन, आणि गढूळ पाण्यासाठी काळा-निळा. याहून जास्त रंग पहिल्या वर्षी घेतले तर वेळ डबा उघडण्यातच जातो.

रॉडबद्दल मात्र घाई करू नका. सात फुटांच्या आसपासचा मीडियम-हेवी रॉड घ्या पण त्याचं टोक आणि मधला भाग थोडा वाकणारा हवा, मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट असं लिहिलेलं असतं ते. याचं कारण असं की बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, आणि आपली जिग सतत चालू असते, रॉड काठीसारखा ताठ असला की तोंड बंद व्हायच्या आत आपणच जिग त्याच्या तोंडातून ओढून घेतो. वाकणारा रॉड तो एक क्षण सांभाळून घेतो. म्हणूनच बरेच जण यासाठी ग्लास म्हणजे फायबरग्लास मिसळलेला रॉड वापरतात, थरथर थोडी कमी जाणवते पण मासे जास्त लागतात. नवीन माणसाने ग्लास मिसळलेला नाही घेतला तरी चालेल, कारण तुम्हाला आत्ता थरथर स्पष्ट कळणं जास्त गरजेचं आहे. रील बेटकास्टिंग म्हणजे रॉडच्या वर बसणारं, गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीत स्पूल किती वेळा फिरतं ते) साडेसहा-सातच्या आसपास. लाईन १५ ते २० पौंडी फ्लुरोकार्बन. अगदी दाट गवतात ४०-५० पौंडी ब्रेड म्हणजे विणलेली लाईन लावतात पण ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे सोबत रॉड मऊ हवाच.

ट्रेलर लावणं, आणि तो सरळ लावणं

जिगच्या गळावर मागून एक मऊ प्लॅस्टिकचं आमिष लावतात, त्याला ट्रेलर म्हणायचं. पॅडल शेपटीचा लावला तर जिग जरा वर उठून चालते आणि हळू ओढता येते, दुभंगलेल्या शेपटीचा बारीक ट्रेलर लावला तर पात्याला मोकळीक मिळते आणि जिग मध्येच आपोआप आजूबाजूला सटकते, तो सटका माशाला फार आवडतो. खेकड्यासारखा ट्रेलर तळाजवळ चालवायला. मी नवीन माणसाला दुभंगलेल्या शेपटीचा देतो, कारण तो पात्याच्या मध्ये सगळ्यात कमी येतो.

लावायच्या आधी ट्रेलर गळाच्या शेजारी धरा, गळाचं टोक कुठे बाहेर यायला हवं तिथे नखाने खूण करा, मग नाकातून गळ घालून बरोबर त्या खुणेवर बाहेर काढा. ट्रेलर कुठेही दुमडलेला, पिळलेला किंवा एका बाजूला गेलेला नको. आता पहिला कास्ट म्हणजे फेक लांब मारायची नाही, पायाजवळच पाण्यात दोन हात ओढून बघायचं, जिग आडवी होत असेल किंवा गोल फिरत असेल तर परत काढून लावा, कंटाळा करू नका, वाकडा ट्रेलर घेऊन दिवसभर फेकत बसलेली माणसं मी खूप पाहिलीत आणि ते मग म्हणतात ही जिग चालतच नाही. ट्रेलर खाली सरकत असेल तर सुपरग्लूचा एक थेंब जिगच्या मानेवर.

ओढायचं कसं

कास्ट करा, जिग पडू द्या, लाईन अगदी सैल सोडू नका कारण पडतानाही मासा घेतो. हव्या त्या खोलीला आली की रॉडने एक छोटा झटका द्यायचा, त्याने पातं सुरू होतं. हे विसरलं तर कधीकधी पातं चिकटून राहतं आणि जिग नुसतीच पाण्यातून येते, हाताला काहीच लागत नाही. झटक्यानंतर रॉडचं टोक खाली आणि थोडं बाजूला ठेवून सारख्या वेगाने गुंडाळा. वेग किती? पात्याचा ठोका हाताला नीट जाणवेल इतपत, बस. ठोके इतके भरभर आले की नुसती गुणगुण वाटायला लागली तर तुम्ही जास्त जोरात ओढताय.

आता हाताने काय काय कळतं ते सांगतो, हा भाग दोनदा वाचा. ठोके सारखे चालू, म्हणजे सगळं ठीक. ठोके चालू आहेत पण बोथट झाले, जड झाले, म्हणजे पात्यावर किंवा गळावर गवत अडकलंय. टक् असं एकदाच लागून परत ठोके सुरू, म्हणजे लाकूड किंवा दगडाला घासली, ती जागा लक्षात ठेवा आणि तिथे परत कास्ट करा. ठोके अचानक बंद, वजन नाही काही नाही, लाईन सैल, तर बऱ्याचदा माशाने मागून येऊन जिग तोंडात घेतलीय आणि तो तुमच्याच दिशेने पोहतोय. नवीन माणूस इथे थांबून विचार करतो आणि तेवढ्यात मासा थुंकून मोकळा होतो. ठोके थांबले की भरभर गुंडाळायला लागायचं, वजन लागलं की मासा आहे.

गवतात

हायड्रिलासारखं गवत पाण्याच्या पृष्ठभागापासून अर्धा-पाऊण मीटर खाली संपत असेल तर तुमच्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. जिग गवताच्या शेंड्यांना घासत घासत आणायची. अडकली की हळू ओढत बसू नका, त्याने गवत आणखी गुंडाळतं, मनगटाने एकच कडक हिसका द्या, गवत तुटतं, पातं साफ होतं आणि जिग एकदम उसळून बाहेर येते, आणि जवळ बास असला तर तो बहुतेक तेव्हाच मारतो. हे इतक्या वेळा झालंय की मी आता मुद्दाम अडकवतो. फक्त केसांसारखं लिबलिबीत शेवाळ असेल तर हिसक्याने निघत नाही, तिथे जागा बदललेली बरी. लाकडात जपून, गळ उघडा असतो, बुंध्यावरून हळू चढवून पलीकडे सोडायची.

वर्षातला चांगला काळ म्हणजे वसंतात अंडी घालायच्या आधी मासे उथळ पाण्याकडे सरकतात तेव्हा, पाणी १०-१५ अंश सेल्सिअस असतं, हळू ओढा. मग शरदात लहान माशांचे थवे किनाऱ्याला येतात तेव्हा, पांढरी जिग, थोडा वेग. वारा, ढग, थोडं गढूळ पाणी असेल तर ही जिग बाहेर काढायलाच हवी. कडक ऊन, आरशासारखं शांत आणि काचेसारखं स्वच्छ पाणी असेल तर मी सरळ दुसरं काहीतरी बांधतो.

मासा लागला की

वर जोरात झटका मारायचा नाही. गुंडाळत राहा, वजन वाढू द्या, आणि रॉड बाजूला लांब झोकात ओढा, गळ आपोआप बसतो. नंतर लाईन सैल होऊ द्यायची नाही आणि रॉडचं टोक खाली ठेवायचं, कारण एवढं जड डोकं तोंडाला लटकत असताना बास उडी मारून डोकं झटकतो आणि गळ निसटतो. जवळ आला की ओल्या हाताने खालचा ओठ धरा, मोठा असेल तर दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्या, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका, जबड्याला इजा होते. सोडायचा असेल तर पक्कड आधीच खिशात हवी. लायसन्स, किमान लांबी आणि बंदीचा हंगाम याचे तिथले नियम निघायच्या आधी बघून घ्या, प्रजननाच्या काळात काही ठिकाणी पूर्ण बंदी असते.

मासा सुटल्यावर लगेच पुढचा कास्ट करायचा मोह होतो, त्याआधी तीन गोष्टी बघा: पात्याजवळची एक वीत लाईन बोटाने चाचपा, खरखरीत लागली तर तेवढी कापून परत गाठ मारा, पॅलोमार गाठ चालते. पातं आणि लाईनमधलं स्नॅप उघडलं तर नाही ना ते बघा. गळाचं टोक नखावर टेकवून बघा, घसरलं तर धार लावायची वेळ झालीय. घरी आल्यावर जिग वाळवूनच डब्यात ठेवा नाहीतर गळ गंजतो, आणि इलॅझटेक नावाच्या ताणणाऱ्या प्लॅस्टिकचे ट्रेलर साध्या प्लॅस्टिकच्या ट्रेलरसोबत एकाच पिशवीत ठेवू नका, एकमेकांना लागून विरघळतात.

सरावाला म्हणून एक दिवस बाकी सगळी आमिषं घरी ठेवा आणि फक्त ही घेऊन जा. पहिला अर्धा तास मासा लागो न लागो, नजर पाण्यावरून काढून दूर कुठेतरी ठेवायची आणि हातालाच विचारायचं, आत्ता पातं चालू आहे का, गवत आहे का, खाली काय लागलं. मग जिग बाहेर काढून बघायचं, बरोबर ओळखलं होतं का.