फॉलिकल म्हणजे फक्त केसांचं मूळ? या चुका टाळा

मध्यंतरी वनस्पतिशास्त्राचा एक भाषांतरित पाठ तपासायला माझ्याकडे आला होता. त्यात एक वाक्य होतं : 'पिकल्यावर रुईच्या केसांची मुळं तडकतात आणि बिया बाहेर पडतात.' आधी हसू आलं. मग लक्षात आलं की भाषांतर करणाऱ्याने कोशात फॉलिकल हा शब्द पाहिला, पहिला अर्थ उचलला आणि तो पुढे गेला. ही चूक एकट्याची नाही. वैद्यकीय रिपोर्ट वाचणारे, जीवशास्त्राचे विद्यार्थी, अनुवादक, सगळेच या शब्दाशी कुठे ना कुठे अडखळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या शब्दामागे एखादं समान काम शोधणं. केस उगवणं, स्त्रीबीज तयार होणं, थायरॉईडचं संप्रेरक साठवणं, बिया उधळणं, यांत समान काम काहीच नाही. लॅटिनमध्ये 'फॉलिस' म्हणजे भाता किंवा चामड्याची पिशवी, आणि 'फॉलिक्युलस' हे त्याचं लहान रूप. आपल्याकडचा बटवाच म्हणा ना. जिथे जिथे अभ्यासकांना असा छोटा बटवा दिसला, तिथे त्यांनी हे नाव चिकटवलं. नाव दिसण्यावरून पडलं आहे, कामावरून नाही. मराठी परिभाषेने इथे शहाणपणा दाखवला आहे : शरीरातल्या बटव्याला पुटक, आणि फळाला पेटिका किंवा पेटिकाफळ. हे दोन शब्द वेगळे ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

अंडाशयाचा सापळा

उरलेला निम्मा गोंधळ 'अंडाशय' या शब्दात आहे, आणि तो जास्त चिवट आहे. शाळेच्या पुस्तकांत फुलालाही अंडाशय असतं आणि स्त्रीच्या शरीरातही. फॉलिकलचा संबंध दोन्हींशी येतो, पण नातं अगदी उलटं असतं. शरीरात पुटक हे अंडाशयाच्या आत असतं, एकेका अंडाशयात हजारोंनी. फुलात मात्र अंडाशय स्वतःच पिकून पेटिकाफळ बनतं. एकीकडे फॉलिकल अंडाशयात, दुसरीकडे अंडाशयाचंच फॉलिकल. परीक्षेतल्या उत्तरांत हे हमखास उलटंपालटं होतं. फुलाच्या बाबतीत अंडाशयाऐवजी 'किंजपुट' हा जुना शब्द वापरला तर चूक होतच नाही, म्हणून मला तो आवडतो.

याला जोडून एक गंमत. बीज बाहेर पडण्याआधी पुटकाच्या पृष्ठभागावर जिथे भित्तिका पातळ होते, त्या ठिपक्याला शरीरशास्त्रात 'स्टिग्मा' म्हणतात. फुलाची कुक्षी, जिच्यावर परागकण पडतात, तीही स्टिग्माच. तेव्हा नुसत्या ओळखीच्या शब्दावर भरवसा ठेवू नका, वाक्य कुठल्या शास्त्राचं आहे ते आधी पाहा.

पुटक म्हणजे अंडं नव्हे

ही चूक खूप जुनी आहे. राईनीर द ग्राफ या डच वैद्याने १६७२ मध्ये अंडाशयातल्या या फुग्यांचं बारकाईने वर्णन केलं, म्हणूनच पक्व पुटकाला आजही ग्राफियन फॉलिकल म्हणतात. पण पुढे बराच काळ हे फुगेच अंडी समजले गेले. खरं बीज पुटकाच्या आत दडलेलं असतं हे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये कुत्रीच्या अंडाशयात पाहिलं, तेव्हा कुठे हिशोब जुळला. माणसात पक्व पुटक साधारण २० मिलिमीटरचं होतं आणि त्यातलं बीज जेमतेम ०.१ मिलिमीटरचं असतं. सोनोग्राफीत दिसतो तो द्रवाने भरलेला बटवा. बीज त्यात दिसत नाही. म्हणून 'डाव्या बाजूला १८ मिलिमीटरचं अंडं आहे' असं कुणी म्हटलं तर ते बोलण्याच्या सोयीचं असतं, अक्षरशः खरं नसतं.

रिपोर्टमध्ये 'फॉलिकल' वाचून गाठ झाली म्हणून घाबरणं ही त्याच चुकीची धाकटी बहीण. पाळी सुरू असलेल्या वयात अंडाशयात पुटकं दिसणं हे अंडाशय काम करत असल्याचं लक्षण आहे. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत साधारण १० ते २० लाख पुटकं असतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली सुमारे ४०० च बीज सोडतात. बाकीची आपोआप विरतात. पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, या विकाराच्या नावातला 'सिस्ट' (पाण्याची गाठ) तर सरळ दिशाभूल करतो, कारण तिथे दिसतात ती बहुतेक २ ते ९ मिलिमीटरची, वाढ अर्धवट थांबलेली पुटकंच असतात. २००३ च्या निकषांत एका अंडाशयात अशी १२ पुटकं पुरेशी मानली जात. यंत्रं सुधारली, जास्त बारीक दिसू लागलं, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हा आकडा २० वर गेला. जुना रिपोर्ट नव्या रिपोर्टशेजारी ठेवून 'वाढलं' असं घरच्या घरी ठरवू नका. शिवाय नुसत्या मोजणीवरून निदान होत नाही. पाळीचा इतिहास आणि रक्ततपासणी यांच्यासोबतच डॉक्टर तो आकडा वाचतात.

आणि हो, एफएसएच (फॉलिकल स्टिम्युलेटिंग हॉर्मोन) हे संप्रेरक अंडाशयातल्या या पुटकांना वाढवतं. नावात फॉलिकल आहे म्हणून केस वाढवण्याशी त्याचा संबंध जोडणारे मी पाहिले आहेत.

केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गुठळी दिसली की 'मुळासकट उपटला गेला' म्हणून लोक धास्तावतात. ती गुठळी केसाचीच आहे. विश्रांतीच्या अवस्थेतला केस गळतो तेव्हा त्याचं टोक असंच गोलसर असतं. केशपुटक म्हणजे त्वचेची आत वळलेली नळी, ती जागच्या जागी राहते आणि पुढचा केस तिच्यातूनच येतो. डोक्यावर अशी सुमारे १ लाख पुटकं असतात. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. टक्कल पडतानाही पुटक लगेच नाहीसं होत नाही, ते आकसत जातं आणि केस बारीक होत जातो.

रोमरंध्रातून घाम येतो, हाही असाच समज. केशपुटकात उघडते ती तेलग्रंथी. शरीरभर पसरलेल्या बहुतेक घामग्रंथींची वाट वेगळी असते. तळहात पाहा : तिथे केशपुटकं मुळीच नाहीत, तरी घाम येतोच.

थायरॉईडची पुटकं बंद गोलाकार असतात आणि त्यात संप्रेरकाचा साठा असलेला चिकट द्रव असतो. लसीका गाठींतल्या (लिम्फ नोड) पुटकांना तर पोकळीही नसते, तो पेशींचा गोळाच. तेव्हा 'फॉलिक्युलर' हे विशेषण रिपोर्टमध्ये दिसलं तर आधी अवयव कोणता ते पाहायचं.

एक शिवण की दोन?

आता झाडांकडे. पेटिकाफळ एकाच किंजदलापासून, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागातल्या एकाच घटकापासून, बनतं, सुकतं आणि एकाच शिवणीने उकलतं. शेंगही एकाच किंजदलाची, पण ती दोन्ही बाजूंनी फुटते. बोंडात अनेक किंजदलं जुळलेली असतात. व्याख्या सोपी आहे, घोळ घालते आपली बोली. लांबट दिसलं की आपण शेंग म्हणतो. शेवग्याची 'शेंग' तीन भागांत उकलणारं बोंड आहे. सप्तपर्णीच्या लोंबत्या 'शेंगा' पेटिका आहेत. बहाव्याची मात्र खरीच शेंग, जरी ती आपण होऊन उकलत नाही. चक्रीफूल तर फूलच नाही. ती एका फुलापासून झालेली, साधारण आठ पेटिकांची चांदणी आहे.

ओळख पटत नसेल तर फळ हाताने दाबून फोडू नका, दाबलं की ते कुठूनही चिरतं. झाडावरच उकललेलं फळ शोधा आणि बिया कोणत्या कडेला चिकटल्या आहेत ते बघा. पेटिका सहसा त्याच कडेने उघडते. सोनचाफा अपवाद, तो पाठीकडून उकलतो. रुईचं कच्चं फळ कापायचंच असेल तर चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या.

जोडफळांनीही फसायला होतं. सदाफुलीच्या एका फुलापासून दोन पेटिका होतात, कारण किंजदलं खाली सुटी आणि वर एकाच दांड्याने जोडलेली असतात. त्याला दोन कप्प्यांचं एक फळ म्हणू नका. रुईत त्यातली एकच वाढलेली पुष्कळदा दिसते. पांढऱ्या-लाल कण्हेरीला पेटिका येतात, पण पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचं, फळ आठळीचं. नाव एक म्हणून फळ एक धरलं की वर्गीकरणाची वहीच बिघडते.

तो पाठ मी असा दुरुस्त केला : 'रुईची पेटिका एका शिवणीने उकलते आणि प्रत्येक बी आपल्या केसांच्या झुपक्यासह वाऱ्यावर जाते.' हीच ती मुलं फुंकर मारून उडवतात ती म्हातारी. तिचे केस बीच्या टोकावर उगवलेले असतात, कुठल्याही पुटकातून नाही.