हायड्रंटचं पाणी मोजायचंय? आधी ही तयारी करा
इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे जानेवारी-जुलैचा फॉर्म बी जवळ आला, की हायड्रंटच्या (आगीसाठी पाणी घ्यायच्या नळाच्या) पंपरूममधल्या गेजवरचे सात किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर पाहून सोसायटीची कमिटी निश्चिंत होते. पण व्हॉल्व्ह बंद असतानाचं प्रेशर म्हणजे पाण्याचा प्रवाह नव्हे. रायझर, म्हणजे वर जाणारा उभा पाइप, कुठे तुंबला असेल, तर ते पाणी वाहू लागल्यावरच कळतं. म्हणून देखभालीच्या एजन्सीकडून वाहत्या पाण्याची मोजणी मागून घ्या.

चाचणी गच्चीवरच्या किंवा सर्वात वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटवर ठेवा, कारण दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर कमी होतं. होज, ब्रांच पाइप (होजच्या टोकाची नोझलवाली नळी) आणि पिटो गेज (धारेत धरून तिचं प्रेशर मोजायचं गेज) आदल्या दिवशीच तपासा. नोझलचं तोंड कॅलिपरने मोजा. नुसतं ‘वीसचं (मिलिमीटरचं) आहे’ यावर विसंबू नका, कारण हिशोबात व्यासाचा वर्ग येतो आणि दोन मिलिमीटरच्या चुकीने उत्तर वीस टक्क्यांनी हलतं. पिटोची नळी धारेच्या मधोमध, तोंडापासून अर्ध्या व्यासावर, म्हणजे वीसच्या नोझलला 10 मिलिमीटरवर धरायची. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग गुणिले पिटोवरच्या प्रेशरचं वर्गमूळ गुणिले 0.66, की मिनिटाला किती लिटर ते मिळतं. वीसच्या नोझलला चार किलो प्रेशर असेल तर 400 × 2 × 0.66, म्हणजे सुमारे 530 लिटर.

एवढ्या धारेला नोझल 25 किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटते. तेव्हा धरायला दोन धडधाकट माणसं हवीत, आणि कठड्यापासून लांब. वॉचमनच्या हाती नोझल देऊन मोकळं होऊ नका.

पडताळा पंप जिथून पाणी ओढतो त्या टाकीवरून घ्या. मला हाच सर्वात भरवशाचा वाटतो. टाकीत येणारं पाणी बंद करा, काठी टाकून पातळीची खूण करा. सहा बाय पाच मीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे 300 लिटर. पाच मिनिटांत पातळी नऊएक सेंटिमीटर उतरली तर दोन्ही आकडे जुळले. हे अडीच हजार लिटर बागेत किंवा परत टाकीत जातील अशी सोय आधीच करा.

सभासदांना नोटीस लावा, अलार्म वाजेल हे कळवा. पंपरूममध्ये एक माणूस फोनसह उभा ठेवा. जॉकीनंतर (पाइपमधलं प्रेशर टिकवणाऱ्या छोट्या पंपानंतर) मेन पंप आपोआप सुरू झाला का, हे त्याने सांगायचं. व्हॉल्व्ह सावकाश बंद करा, नाहीतर पाइपला दणका बसतो. आणि जाण्याआधी पंपाच्या पॅनलचा स्विच परत ‘ऑटो’वर आहे, हे सेक्रेटरींनी स्वतः पाहावं.