पचनसंस्थेचा धडा आणि आपलं पोट: मुलांच्या या चुका टाळा

ठाण्यात कोपरीला माझ्याकडे सातवी ते दहावीची मुलं सायन्सला येतात, स्टेट बोर्डाची पण आणि सीबीएसईची पण. पचनसंस्थेची आकृती बहुतेक सगळे झकास काढतात, नावं देतात, पेन्सिलने शेडिंगपण करतात, आणि त्यातलीच निम्मी मुलं सकाळी उपाशीपोटी शाळेत गेलेली असतात, पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी परत आणतात. पेपरातल्या चुका आणि डब्यातल्या चुका खूपदा एकच असतात असं मला वाटतं, एक नीट समजली की दुसरी आपोआप सुधारते, म्हणून दोन्ही इथे एकत्रच लिहितेय.

"अन्न जठरात पचतं"

सगळ्यात कॉमन चूक हीच. पचन सुरू होतं तोंडात, लाळेतलं टायलिन नावाचं विकर (एन्झाइम) पिष्टमय पदार्थांचं, म्हणजे स्टार्चचं, माल्टोजमध्ये रूपांतर करायला लागतं. जठरात प्रथिनांचं पचन सुरू होतं, पण खरं मोठं काम लहान आतड्यात होतं. ते सुमारे 6 मीटर लांब असतं, स्वादुपिंडाचा रस आणि पित्तरस तिथेच येऊन मिळतात आणि पचलेलं अन्न रक्तात शोषलं जातं तेही तिथेच, आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांमधून, ज्यांना व्हिली म्हणतात. उत्तरात एवढं आलं की मार्क जात नाहीत.

आता हे डब्याशी कसं जुळतं बघा. रिसेस छोटी, त्यात मुलांना खाली ग्राउंडवर पळायचं असतं, मग पोळीभाजीचे चार मोठे घास पाण्याबरोबर ढकलले की झालं जेवण. न चावता गिळलं तर लाळ मिसळतच नाही नीट, मोठे तुकडे पोटात जातात, घाईत हवापण गिळली जाते आणि मग तिसऱ्या तासाला पोट फुगतं. "हळू खा" असं आईने दहादा सांगून जे होत नाही ते एका प्रयोगाने होतं, तो घरी करा.

भाताची पेज घ्या, भरपूर पाणी घालून एकदम पातळ करा आणि कोमट होऊ द्या. दोन वाट्यांत दोन-दोन चमचे घ्या. एकीत चमचाभर लाळ, दुसरीत चमचाभर साधं पाणी. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग दोन्हीत आयोडीनचा एक-एक थेंब टाका. आयोडीन स्टार्चला लागलं की निळंकाळं होतं, म्हणून पाण्याची वाटी निळीकाळी होते, लाळेची वाटी तशी होत नाही किंवा रंग अगदी फिका येतो, कारण स्टार्च संपलेला असतो. आता हा प्रयोग फसतो कुठे, तर पेज गरम असताना लाळ घातली की विकर निकामी होतं आणि दोन्ही वाट्या काळ्या पडतात. पेज घट्ट असेल तरी तेच, एवढा स्टार्च तेवढ्या लाळेला झेपत नाही. आणि घाई करून दोन मिनिटांत आयोडीन टाकलं तरी तेच. "मॅम, माझं आलंच नाही" म्हणणाऱ्यांचं हमखास यातलंच काहीतरी चुकलेलं असतं. आयोडीन घातलेल्या वाट्यांना तोंड लावायचं नाही, नंतर साबणाने घासून ठेवा.

पित्तरस, आम्ल आणि मिसळ

पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात फक्त साठतो. वन मार्कच्या प्रश्नात हे उलटं लिहून येतं. पित्तरसात पचनाचं विकर नसतं, तो स्निग्ध पदार्थांचे बारीक बारीक थेंब करतो म्हणजे स्वादुपिंडातलं लायपेज हे विकर त्यांवर नीट काम करू शकतं. तसंच हायड्रोक्लोरिक आम्ल स्वतः प्रथिनं पचवतं असं लिहू नका, ते काम पेप्सिन या जठरातल्या विकराचं. आम्लामुळे पेप्सिन कामाला लागतं आणि अन्नातले बरेच जंतू मरतात.

हे सगळं माणसाला कळलं कसं, ते मुलांना सांगाच, कारण मग धडा लक्षात राहतो. 1822 मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला पण जठराला पडलेलं भोक कधी पूर्ण बुजलंच नाही, आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ते किती वेळात विरघळतात ते बघितलं. 1833 मध्ये त्यांनी ही निरीक्षणं छापली. त्यात त्यांनी हेही नोंदवलं की माणूस चिडलेला असला की पचन बिघडतं. त्यामुळे परीक्षेच्या सकाळी ज्या मुलाच्या पोटात गोळा येतो त्याला "नाटकं करू नकोस" म्हणू नका प्लीज, ते खरंच होत असतं.

आणि एक, तिखट खाल्लं की अल्सर होतो हे उत्तर. ठाण्यात मामलेदारची मिसळ खाणारी पिढ्यानपिढ्यांची माणसं आहेत! तिखटाने जळजळ वाढू शकते हे खरं, पण बहुतेक अल्सरचं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू किंवा पेनकिलरच्या गोळ्या असतात. हा जीवाणू शोधल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 चं नोबेल मिळालं.

पाणी न पिणं आणि दाबून ठेवणं

यावर मला जास्त लिहायचंय कारण यावर कोणी बोलत नाही. खूप मुली, आणि मुलगेसुद्धा, शाळेतलं टॉयलेट घाण असतं म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि शी आली तरी घरी येईपर्यंत दाबून ठेवतात. घोडबंदरहून बसने येणारी मुलं तर ट्रॅफिक धरून सात-आठ तास अशीच असतात. आता धडा आठवा, मोठ्या आतड्याचं मुख्य काम काय, तर उरलेल्या चोथ्यातलं पाणी शोषणं. जेवढा वेळ मल आत राहील तेवढं पाणी शोषलं जाणार, मल कडक होणार, मग करताना दुखणार, दुखतं म्हणून मूल अजून टाळणार, आणि हे चक्र सुरू झालं की तोडायला महिने जातात. लघवी दाबून आणि पाणी कमी पिऊन युरिन इन्फेक्शनचा धोका वाढतो तो वेगळाच.

उपाय साधे आहेत पण रोज करावे लागतात. सकाळी दहा मिनिटं लवकर उठवा आणि नाश्त्यानंतर निवांत बसू द्या, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, ती वेळ सगळ्यात चांगली. पालेभाजी, सालासकट फळं, भाकरी, मोड आलेली कडधान्यं यातला चोथा आपल्याला पचत नाही, कारण त्यातलं सेल्युलोज पचवणारं विकर आपल्याकडे नाही, पण तोच मल मऊ ठेवतो. "पचत नाही म्हणजे उपयोगाचं नाही" हे आणखी एक चुकीचं उत्तर. आणि पालकांनी मीटिंगला फक्त मार्कांवर न बोलता टॉयलेटमध्ये पाणी आणि साबण आहे का ते विचारा, चार जणांनी एकत्र विचारलं तर फरक पडतो.

पोह्यांवर लिंबू, सोबत चहा

सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळतो ते फार छान, व्हिटॅमिन सी मुळे पोह्यातलं लोह जास्त शोषलं जातं. पण सोबत कपभर चहा दिला की चहातले टॅनिन तेच लोह अडवतात. चहा द्यायचाच असेल तर तासाभराने. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलं गुपचूप फेकून देतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की शी काळी होते. होते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची म्हणजे मळमळ होत नाही.

पाकिटावरचं लेबल वाचतानाची चूक पण सांगते, साखर 100 ग्रॅमला किंवा 100 मिलीला किती ते छापलेलं असतं आणि मुलं तोच आकडा पूर्ण बाटलीचा समजतात. कोल्ड्रिंकमध्ये 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 25 च्या वर. हा गुणाकार मुलांनाच करू द्या, आपण लेक्चर देण्यापेक्षा ते बरं.

पोट दुखलं की लगेच मेडिकलची गोळी

हे करू नका. बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, सोबत ताप किंवा उलटी असली, तर अपेंडिक्स असू शकतं, पेनकिलर देऊन वाट बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. शीमध्ये रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातही थांबायचं नाही.

पावसाळ्यात जुलाब-उलट्या घरोघरी असतात, तेव्हा ओआरएस बनवतानाची चूक बघाच. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यासाठी असतं, लोक ते एका ग्लासात घालतात, मग मीठ-साखर इतकी जास्त होते की जुलाब उलट वाढू शकतात. थोडं थोडं पाकीट वापरून बाकीचं गुंडाळून ठेवणं पण नको, प्रमाण चुकतं. छोटी पाकिटंपण मिळतात, त्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचूनच घ्या. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर टाळू नका, कारण लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. एका दमात ग्लासभर देऊ नका, उलटी होते, चमच्या-चमच्याने द्या, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून नवीन बनवा. मूल सुस्त पडलं, लघवी सहा-आठ तास झाली नाही किंवा घोट पण टिकत नसेल तर घरचे उपाय थांबवून हॉस्पिटल गाठा.