शुगर-कोलेस्टेरॉलसाठी फळांच्या बियांचं तेल घेताय? या चुका टाळा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या द्राक्षाच्या नाहीतर डाळिंबाच्या बियांच्या तेलाचे फॉरवर्ड फिरतायत, शुगर उतरते, चरबी वितळते, लिव्हर साफ होतं वगैरे वगैरे. तेल वाईट नाहीये. पण लोक ते घेतात अशा पद्धतीने की खर्च तेवढा होतो आणि रिपोर्ट जागचा हलत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून घेणं. पोळीवर तूप तेवढंच, भजी-वडे तसेच चालू, आणि त्यावर सकाळी अनाशेपोटी एक मोठा चमचा तेल, औषध म्हणून. अहो, तेल कुठलंही असो, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे एका मोठ्या चमच्याला साधारण 120, महिनाभर रोज घेतलं तर 3,600 कॅलरी जास्तीच्या पोटात गेल्या, मग वजन वाढलं की म्हणायचं तेल सूट झालं नाही. द्राक्षाच्या बियांच्या तेलात जवळपास 70 टक्के लिनोलेइक अ‍ॅसिड असतं, ओमेगा-6 गटातलं एक फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे तेलातल्या चरबीचा घटक. त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतो हे खरंय, पण कधी, तर तूप, लोणी, डालडा, पामतेल यांच्या जागी ते आलं तर.

आता गंमत बघा. लिनोलेइक अ‍ॅसिडच हवं असेल तर आपल्या साध्या करडईच्या तेलातही ते 70-75 टक्के असतं (हाय-ओलेइक, म्हणजे ओलेइक अ‍ॅसिड जास्त असलेली करडई वेगळी, तिच्यात लिनोलेइक कमी असतं). ज्या तेलाची फोडणी आपल्या आज्या देत होत्या त्याच जातीचं तेल आपण छोट्या काचेच्या बाटलीत कितीतरी पट पैसे देऊन घेतोय. परवडत असेल तर घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण शुगरसाठी त्यात काही वेगळी जादू आहे असं समजू नका.

दुसरी चूक, अर्क आणि तेल एकच समजणं. द्राक्षाच्या बियांच्या फायद्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बरंचसं अर्काबद्दल असतं, त्यातली प्रोअँथोसायनिडिन्स ही पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, तेलात फारशी उतरतच नाहीत, बिया दाबल्या की ती पेंडीत राहतात. डाळिंबाचंही तेच, रसातली आणि सालीतली पॉलिफेनॉल्स वेगळी आणि बियांच्या तेलातलं प्युनिसिक अ‍ॅसिड हे फॅटी अ‍ॅसिड वेगळं. या प्युनिसिक अ‍ॅसिडने उंदरांमध्ये इन्सुलिनचं काम सुधारलेलं दिसलंय, पण माणसांवरच्या ट्रायल्स छोट्या आहेत आणि त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. त्यामुळे कॅप्सूल सुरू केली म्हणून शुगरची मेटफॉर्मिन किंवा कोलेस्टेरॉलची स्टॅटिन स्वतःच्या मनाने बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तिसरी, तळण. डाळिंबाच्या बियांचं तेल अजिबात तापवायचं नाही, हवा आणि उष्णता लागली की ते पटकन खराब होतं. द्राक्षाचं रिफाइंड तेल फोडणीला, परतायला चालतं, पण एकदा तळलेलं परत गाळून भरून ठेवायचं आणि रविवारी पुन्हा त्यातच पुऱ्या, हे नको. हॉटेलवाल्यांनासुद्धा तळणीच्या तेलातल्या पोलर कंपाउंड्सची, म्हणजे तेल तापून खराब झाल्यावर तयार होणाऱ्या घटकांची, 25 टक्क्यांची मर्यादा 2018 पासून आहे, घरी कोण मोजतंय. आणि बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 ला टेकतो. छोटी बाटली, गडद काच, अंधारं कपाट किंवा फ्रिज. खवट वास आला की टाकून द्या, महाग आहे म्हणून संपवत बसू नका.

खरेदी करताना लेबल वाचा. द्राक्षाच्या बियांचं तेल मसाजसाठी आणि त्वचेसाठीही विकतात, ते खायचं नसतं. खायच्या तेलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर असतो.

घरी काढायच्या भानगडीत तर पडूच नका. मार्केट यार्डात सीझनला थॉमसन, सोनाका वगैरे जी द्राक्षं येतात ती बिनबियांची असतात, तेलाच्या बिया मुख्यतः वाइनच्या चोथ्यातून येतात. जर्दाळूच्या कडू बिया कुटून खाणारेही भेटतात, त्यातून शरीरात सायनाइड तयार होतं.

आता उलट्या टोकाचे लोक, ज्यांना रील्समुळे वाटतं की सगळी बियांची तेलं विष आहेत, ओमेगा-6 ने आग भडकते वगैरे. माणसांवरच्या ट्रायल्समध्ये लिनोलेइक अ‍ॅसिड वाढवल्यावर शरीरातली सूज दाखवणारे रक्तातले मार्कर वाढलेले सहसा दिसत नाहीत. तेलाची भीती बाळगून सगळा स्वयंपाक नारळतेलात किंवा तुपात सुरू केला तर एलडीएल वर जायचीच शक्यता जास्त.

आणि रिपोर्ट हलत नसेल तर? आधी बघा तपासणी कधी केलीत. एचबीए1सी ही टेस्ट रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, पंधरा दिवसांत ते करून काही कळत नाही. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, दरवेळी सारख्याच पद्धतीने द्या, एकदा उपाशीपोटी आणि एकदा नाश्त्यानंतर असं केलं तर ट्रायग्लिसराइड्सची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तुलनाच होत नाही. तेल बदलून, महिन्याचं एकूण तेल कमी करूनही ट्रायग्लिसराइड्स चढलेलेच असतील तर तेलाचा नाद सोडा आणि साखर, मैदा, दारू किती जाते ते लिहून काढा, चहासोबतची खारी आणि वीकेंडची मस्तानी त्यात धरून.