करबला दहा दिवसांत कशी वाचावी

मोहरम लागला की माझ्याकडे कॉलेजातली काही मुलं-मुली करबला, म्हणजे प्रेषित मुहंमदांचे नातू हजरत हुसैन इराकात यजीदच्या फौजेकडून मारले गेले ती घटना, समजून घ्यायला बसतात. त्यांत मुसलमान असतात, नसलेलेही असतात. बहुतेकांना थेट दहा तारखेची दुपार हवी असते: तहानलेली लेकरं, हुसैनचे भाऊ अब्बास यांची पाण्याची मशक, बाण, खंजीर. मी ती दुपार शेवटपर्यंत येऊ देत नाही. मरणापासून वाचायला घेतलं की शहादत (हौतात्म्य) म्हणजे मरण असा समज होऊन बसतो, आणि तो काढता काढता दहाही दिवस जातात. हजरत हुसैन मरण मागायला निघाले नव्हते. त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली गेली, ती त्यांनी दिली नाही. वाचन तिथून सुरू करा.

एक वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कोणी कोणाकडे काय मागितलं ते लिहायचं, उजवीकडे त्याला काय उत्तर मिळालं ते. शोकाचे प्रसंग तूर्त वहीत नकोत.

पहिले दोन दिवस: मागणी

हिजरी ६० च्या रजब महिन्यात, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, खलीफा मुआविया दमास्कसला वारले आणि त्यांचा मुलगा यजीद सत्तेवर आला. मदिन्याचा सुभेदार वलीद बिन उत्बा याला हुकूम आला की हुसैनकडून बैअत घे. बैअत म्हणजे हातात हात देऊन सत्ताधाऱ्याला दिलेलं निष्ठेचं वचन. वलीदने रात्रीच बोलावणं धाडलं. हुसैन गेले आणि माझ्यासारखा माणूस गुपचूप बैअत देत नसतो, असं सांगून निघाले. तिथे बसलेल्या मरवानचा, यजीदच्या घराण्यातल्या माणसाचा, सल्ला होता, आत्ताच बैअत घे, नाहीतर मान मार. वलीदने तो ऐकला नाही. त्यालाही वहीत जागा द्या. सरकारी बाजूने आलेला पहिला नकार त्याचा आहे.

इथे मुलं हमखास विचारतात: हातात हात देण्यात एवढं काय? उत्तर द्यायची घाई करू नका, आधी वीस वर्षं मागे जा. ६६१ मध्ये थोरले भाऊ हजरत हसन यांनी मुआवियांशी तह केला आणि खिलाफत, म्हणजे प्रेषितांनंतरचं मुसलमानांचं नेतृत्व, सोडली. ६७० मध्ये हसन गेले. इराकमधल्या कुफा शहराची माणसं हुसैनना उठावासाठी पत्रं लिहीत होती, तरी मुआविया जिवंत असेपर्यंत त्यांनी भावाचा तह मोडला नाही. दिलेला शब्द पाळणं हाही अन्यायाविरुद्ध उभं राहण्याचाच भाग, हे ज्याला कळलं नाही त्याला पुढचं कळणार नाही. मुआवियांनी मात्र हयातीतच मुलाला वारस नेमलं. खिलाफत बापाकडून मुलाकडे जाणारी मालमत्ता झाली. प्रेषितांच्या नातवाने तिच्यावर हात ठेवला असता तर धर्माचीच मोहर उमटली असती. यजीदला हवी होती ती ही मोहर.

हुसैन मदिन्याहून मक्केला आले आणि हजचे मुख्य विधी सुरू होत असतानाच, ८ जिलहिज्जाला, मक्का सोडून इराककडे निघाले. निघण्यामागचा हेतू शिया परंपरेत त्यांच्याच तोंडी येतो: मी उन्मादाने वा सत्तेसाठी निघालेलो नाही, आजोबांच्या उम्मतीत (अनुयायांच्या समाजात) सुधारणा व्हावी म्हणून निघालो आहे. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे दर दिवशी कृती त्याच्याशी ताडून पाहायची आहे.

टाळलेल्या संधी शोधा

तिसऱ्या दिवसापासून मी मुलांना एकच काम देते: हुसैनच्या माणसांना जिंकायची संधी कुठे कुठे होती आणि त्यांनी ती का सोडली, ते शोधा. याला जितका वेळ लागेल तितका द्या.

पहिली संधी कुफ्यात. हुसैनचे चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील पुढे जाऊन हानी बिन उर्वाच्या घरी लपले होते. त्याच घरात शरीक नावाचा पाहुणा आजारी होता. नवा सुभेदार उबैदुल्लाह बिन जियाद त्याची विचारपूस करायला येणार होता. शरीकने बेत रचला: मी पाणी मागितलं की आडून बाहेर या आणि त्याला संपवा. सुभेदार आला, बसला. शरीकने पाणी मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं. मुस्लिम बाहेर आलेच नाहीत. नंतर त्यांनी दोन कारणं दिली. हानीला आपल्या घरात हत्या नको होती. आणि प्रेषितांनी सांगितलं आहे की इमान (श्रद्धा) असलेला माणूस दगा देऊन मारत नाही. काही दिवसांत मुस्लिम पकडले गेले, त्यांना महालाच्या छतावर नेऊन मारलं. हानीही मारले गेले.

हा प्रसंग ऐकून पोरं चिडतात. इब्न जियाद तिथेच मेला असता तर करबला घडलीच नसती, हा त्यांचा हिशेब असतो. चिडू द्या, चटकन समजूत घालू नका. या रागातूनच प्रश्न नीट उभा राहतो: जुलूम थांबवायला जुलुमाचीच रीत वापरली तर मागे उरतं काय?

दुसरी संधी वाटेत. हुर्र बिन यजीद रियाही एक हजार स्वार घेऊन रस्ता अडवायला आला. भर दुपार, माणसं आणि घोडी तहानेने कासावीस. हुसैननी आपल्याकडचं पाणी त्यांना पाजलं, घोड्यांनाही पाजलं. पुढे जुहैर बिन कैन यांनी सुचवलं की मोठी फौज यायच्या आत या तुकडीशी लढून घेऊ, आत्ता सोपं आहे. हुसैन म्हणाले, लढाईची सुरुवात माझ्याकडून होणार नाही. २ मोहरमला करबलात तळ पडला. ७ तारखेला फुरात नदीचं पाणी तोडलं गेलं. कोणी कोणाला पाणी दिलं आणि कोणी कोणाचं तोडलं, हे वहीत समोरासमोर लिहा.

तिसरी संधी खुद्द आशुऱ्याच्या, म्हणजे १० मोहरमच्या, सकाळची. शत्रूकडचा सरदार शिम्र तंबूंच्या जवळ येऊन टाकून बोलत होता. मुस्लिम बिन औसजा (हे वेगळे मुस्लिम, गोंधळू नका) यांच्या बाणाच्या टप्प्यात तो आला होता. हुसैननी त्यांनाही थांबवलं. कारण तेच, सुरुवात आपली नको.

आता कुरआनची दुसऱ्या सुरेतली १९०वी आयत काढा: जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी अल्लाहच्या मार्गात लढा, पण मर्यादा ओलांडू नका. नुसती वाचली असती तर नियमासारखी वाटली असती. तीन प्रसंगांनंतर वाचली की ती पाळायची किंमत कळते.

वृत्तांत सगळीकडे एकसारखे नाहीत, हेही इथेच सांगून टाकते. इतिहासकार तबरीच्या ग्रंथात जपला गेलेला अबू मिखनफचा वृत्तांत जुना आणि सविस्तर आहे. नंतरच्या मर्सियांमध्ये (शोकगीतांमध्ये) कवींनी भर घातली. मर्सियाला माझी ना नाही, मी स्वतः ऐकते आणि रडते. प्रसंग पारखायचा असेल तेव्हा मात्र जुन्या वृत्तांताकडे जावं.

हुर्रच्या आधी उमर बिन साद वाचा

सगळ्यांना हुर्र आवडतो. आवडू दे, पण आधी उमर बिन साद. हा राक्षस नव्हता. प्रेषितांचे नामवंत साथी साद बिन अबी वक्कास यांचा मुलगा. त्याला रय प्रांताची सुभेदारी कबूल झाली होती. हे रय आजच्या तेहरानजवळचं. अट पडली की आधी हुसैनचं प्रकरण मिटव. त्याने विचाराला वेळ मागून घेतला. भाच्याने विनवलं, जाऊ नकोस. तो गेला. चार हजारांची फौज घेऊन ३ मोहरमला करबलात पोचला, काही दिवस तडजोडीची बोलणीही केली आणि १० तारखेला पहिला बाण त्यानेच सोडला. पहिला बाण माझा, याचे साक्षीदार राहा, असं फौजेला ओरडून सांगितलं. रय त्याला कधीच मिळालं नाही. पुढे हुसैनच्या हत्येचा सूड घ्यायला उठलेल्या मुख्तारच्या उठावात तो मारला गेला.

हुसैन चूक आहेत असं त्याला एक क्षणही वाटलं नव्हतं. सगळं कळत असून गेला, म्हणून मी त्याच्यावर अख्खा दिवस देते. आपल्यापैकी यजीद व्हायची ताकद फार थोड्यांत असते. उमर बिन साद व्हायला मात्र एका बढतीचं पत्र पुरतं.

मग हुर्र. त्याच सकाळी त्याने सेनापती उमर बिन सादला विचारलं, तू खरंच या माणसाशी लढणार? हो म्हटल्यावर तो थरथरत घोडा हळूहळू पुढे काढू लागला. सोबत्याला नवल वाटलं: कुफ्याचा सर्वांत शूर कोण असं कोणी विचारलं असतं तर मी तुझं नाव घेतलं असतं, आणि तुला कापरं भरलंय? हुर्र म्हणाला, मी जन्नत आणि जहन्नम यांतलं एक निवडतोय. ज्यांचा रस्ता त्याने अडवला होता त्यांच्यापुढे जाऊन त्याने विचारलं, माझी तौबा (पश्चात्ताप) कबूल होईल का? हुसैन म्हणाले, होईल.

आदल्या रात्रीची परवानगी

नवव्या मोहरमच्या संध्याकाळी हुसैननी शत्रूकडे एक रात्र मागून घेतली, नमाज आणि दुआसाठी. साथीदारांना गोळा करून सांगितलं की यांना फक्त मी हवा आहे, बैअतीतून तुम्ही मोकळे आहात, रात्रीलाच उंट करा आणि निघून जा. राहिले ते स्वतःच्या मर्जीने राहिले. परंपरा त्यांची संख्या ७२ सांगते. यांत हबीब इब्न मुजाहिरसारखे म्हातारे होते, प्रेषितांचे साथी अबू जर यांचे मुक्त गुलाम जौन होते. कोणालाही भरीस घालून मारायला पाठवणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकली की मला ही परवानगी आठवते. जो दुसऱ्याला दार उघडून देत नाही, त्याने शहादतीवर बोलू नये.

१० मोहरम ६१, म्हणजे १० ऑक्टोबर ६८०. हा दिवस सलग आणि मोठ्याने वाचा, मध्ये थांबून समजावू नका. सुन्नी घरांत त्या दिवशी रोजा असतो, शिया मजलिसींत (शोकसभांत) मातम. आपापल्या रीतीने ऐका.

मरणाची नियत तपासणं

वाचून झालं की तरुण पोरांच्या डोळ्यांत एक चमक येते, आणि मला तिची भीती वाटते. तेव्हा मी दोन हदीस, म्हणजे प्रेषितांची वचनं, पुढे ठेवते, दोन्ही ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातले. एकात कयामतच्या दिवशी सर्वांत आधी ज्यांचा निवाडा होईल त्यांत लढाईत मेलेला एक माणूस आहे. तो म्हणतो, मी तुझ्यासाठी लढलो. अल्लाह म्हणतो, खोटं. लोकांनी शूर म्हणावं म्हणून लढलास आणि ते म्हणून झालं. त्याला जहन्नममध्ये ओढून नेतात. दुसऱ्यात म्हटलंय की शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून. रक्त सांडूनही माणसांचं देणं फिटत नाही. हा दुसरा हदीस मी दोनदा वाचून घेते.

शिवाय सांगते: निःशस्त्रांना मारणं, गर्दीत स्फोट घडवणं, स्वतःचा जीव घेणं, याला कोणी शहादत म्हणत असेल तर कुरआनमधली ४:२९ (स्वतःला मारू नका) आणि ५:३२ (एका निरपराधाला मारणं म्हणजे सगळ्या माणसांना मारणं) त्याच्यासमोर ठेवा. इस्लाममधली पहिली शहीद सुमय्या, मक्केतली एक गुलाम बाई. हाती शस्त्र नव्हतं, फक्त इमान सोडायला नकार होता, म्हणून प्रेषितांचा वैरी अबू जहलने मारलं. साथीत, पोटाच्या आजाराने, बुडून किंवा पडझडीखाली सापडून मेलेल्यांनाही हदीसमध्ये शहीद म्हटलं आहे. रणांगणाची अट कुठेच नाही.

अकरा तारीख वगळू नका

बरेचजण दहाव्या दिवशी वही मिटतात. हुसैनची बहीण बीबी जैनब तिथून सुरू होतात. भाऊ गेला, मुलं गेली, उरलेल्या बायका-लेकरांना बांधून कुफ्यात आणि मग दमास्कसला नेलं. इब्न जियादने दरबारात डिवचलं, अल्लाहने तुझ्या भावाचं काय केलं पाहिलंस? शिया परंपरेत त्यांचं उत्तर येतं: मी सुंदरच पाहिलं, दुसरं काही नाही. हे वाक्य समजावून सांगायला मी जात नाही. यजीदच्या भर दरबारातही त्या बोलल्या. जालीम सत्ताधाऱ्यासमोर खरं बोलणं हा श्रेष्ठ जिहाद, असा हदीस आहे. तो त्या दिवशी एका कैदी बाईने पाळला.

वहीचं मागचं पान

पान उलटा. हदीस सांगतो की वाईट दिसलं तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने, तेही नसेल तर मनाने, आणि हे शेवटचं सर्वांत दुबळं इमान. आणखी एक: भावाला मदत करा, तो जालीम असो वा मजलूम (जुलूम सोसणारा). जालीमाला मदत कशी करायची, असं विचारल्यावर प्रेषित म्हणाले, त्याचा हात धरून. या दोन्हींचा उपयोग शेजाऱ्याचे दोष मोजायला करू नका. कुरआनची ४:१३५ म्हणते, न्यायासाठी उभे राहा, मग तो तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध का असेना. बहिणीचा वाटा दाबलेला असेल, कोणाची मजुरी अडवलेली असेल, कागदावर खोटी सही केलेली असेल, तर तिथे तुम्ही उमर बिन सादच्या तंबूत आहात. नाव आणि रक्कम लिहा.

हे पान मी कोणाकडून मागत नाही. मुदत मात्र देते: हुसैनचा चाळिसावा, म्हणजे पुढच्या महिन्याची २० सफर. तोवर निदान एक देणं त्या माणसाच्या हाती पोचलेलं असावं, आणि देताना ते कशाचं आहे हेही त्याला सांगितलेलं असावं.