पऱ्हाटीचं ॲप मराठीत: एक्सेलमधून ॲन्ड्रॉइड आणि आयओएसच्या फाइलपर्यंत

कापूस-सोयाबीनच्या सल्ल्याच्या ॲपचा मराठी मजकूर बऱ्याचदा तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर टाइप होऊन एक्सेलमध्ये येतो. तो कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) करा. त्या फॉन्टखाली इंग्रजी अक्षरंच साठलेली असतात. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ‘विदर्भ’सारखे शब्द बघा: कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर पडतो, युनिकोडमध्ये नेमकं उलटं. घोळ तिथेच होतो.

की (ॲपमध्ये त्या ओळीची ओळख सांगणारं नाव), इंग्रजी, मराठी असे तीन कॉलम पुरेत. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’च निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. स्क्रिप्टला पहिला कॉलम सापडत नसेल तर एक्सेलने सुरुवातीला टाकलेला बीओएम (फाइलचं एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) आडवा आलाय. पायथॉनमध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या.

आता खरी मेख. ‘पऱ्हाटी’तला अर्धा र दोन तऱ्हांनी साठतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण). अदृश्य अक्षरं झाडणारी स्क्रिप्ट हा झेडडब्ल्यूजे उडवते आणि स्क्रीनवर ‘पर्हाटी’, ‘शेतकर्याला’ उमटतं. म्हणून फाइंड-रिप्लेसने सगळीकडे पहिली तऱ्हा करून घ्या, मगच फाइल बनवा.

ॲन्ड्रॉइडची एक्सएमएल फाइल ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमध्ये जाते. मजकुरातल्या अपॉस्ट्रॉफीआधी बॅकस्लॅश हवा. आयओएसच्या ‘डॉट स्ट्रिंग्ज’ फाइलमध्ये प्रत्येक नोंदीनंतर अर्धविराम लागतो, एक सुटला तरी फाइल वाचली जात नाही. मजकुरात नाव किंवा आकडा बसायच्या जागेची खूण म्हणजे प्लेसहोल्डर: ॲन्ड्रॉइडचं टक्का-एस (%s) आयओएसमध्ये टक्का-ॲट (%@) करा. तसंच ठेवलं तर ॲप कोसळू शकतं. मराठीत शब्दांचा क्रम फिरतो, त्यामुळे एका ओळीत दोन प्लेसहोल्डर असतील तर त्यांना क्रमांक हवेतच. हे क्रमांक मराठी कीबोर्डवरून देवनागरीत पडले तर ॲन्ड्रॉइडचं ॲप बंद पडू शकतं. इंग्रजी आणि मराठी ओळीतले प्लेसहोल्डर स्क्रिप्टने जुळवून घ्या, डोळ्यांना हे दिसत नाही.

अनेकवचनाला मराठीत दोनच रूपं लागतात, ‘वन’ आणि ‘अदर’: १ बोंड, ५ बोंडं. ‘क्विंटल’ बदलत नाही, तरी दोन्ही भरा.

शेवटी फोनची भाषा मराठी करून तपासा. ॲन्ड्रॉइड टक्का-डीचा (%d, आकड्याचा प्लेसहोल्डर) आकडा तेव्हा स्वतःच देवनागरीत लिहितो. स्क्रीनवर ते छानच, पण तोच मजकूर सर्व्हरला गेला तर ‘१२ क्विंटल’मधला १२ तिथे आकडा म्हणून वाचला जाईलच असं नाही, म्हणून पाठवायच्या आकड्याला लोकेल (भाषेची सेटिंग) ‘रूट’, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं, द्या.